भाजी केंद्रावरचा विटांचा शीतकक्ष: उन्हाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

शेतमाल गोळा करून शहरात वाटणाऱ्या छोट्या केंद्राला कोल्ड रूमचं वीजबिल झेपत नाही, म्हणून शून्य ऊर्जा शीतकक्षाचा, म्हणजे विटांच्या दुहेरी भिंतीतल्या ओल्या वाळूने विजेशिवाय गार राहणाऱ्या कक्षाचा विचार होतो. डिझाइन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळकडून संध्याकाळी आलेला माल सकाळच्या वाटपापर्यंत ताजा ठेवायचं काम तो मार्च ते मे चोख करतो. पावसाळ्यात करत नाही. कोल्हापुरात पावसाळा वर्षाचा तिसरा हिस्सा खातो, त्यामुळे केंद्राची आखणी करतानाच हे धरून चालावं.

मूळ मापात तळ १६५ × ११५ सेंमी, दुहेरी भिंत ६७.५ सेंमी उंच, मधे ७.५ सेंमी पोकळी आणि तीत वाळू. विटा नि पोकळी वजा जाता आतली रुंदी जेमतेम ५५ सेंमी उरते. बाजारातला नेहमीचा क्रेट ६० × ४० चा, त्यामुळे एकच थप्पी बसते आणि उरलेली जागा फुकट जाते. बाहेरची रुंदी १३० धरा. मग शेजारी-शेजारी दोन थप्प्या बसतात, वर हात घालायलाही जागा राहते.

वीट पक्की भाजलेली हवी. कच्ची असेल तर भिजून झडते. गिलावा अजिबात करू नका, भिंतीतून पाणी पाझरून उडतं म्हणूनच गारवा येतो. वाळू धुऊन घ्या. माती राहिली की तळाशी गाळ बसतो आणि पाणी मुरत नाही. सकाळ-संध्याकाळ बादलीने ओतलेलं पाणी एका कोपऱ्यातून खाली जातं, दुसरा कोपरा कोरडा राहतो, आणि त्या बाजूच्या मेथीच्या पेंढ्या सकाळी माना टाकतात. उंचावर डबा ठेवून ठिबकची नळी वाळूवर चारी बाजूंनी फिरवली की हा त्रास संपतो.

कोथिंबीर, पोकळा, वांगी, दोडका यांना ही दमट हवा मानवते. भाजीवर मात्र थेंब पडू देऊ नका, ओल्या पेंढीचा गाभा आधी कुजतो. पेंढी सैल बांधलेली असावी. कांदा, लसूण, बटाटा आत ठेवूच नयेत, कोंब फुटतात. पिकलेली केळी, आंबे वेगळे ठेवा. त्यांच्या इथिलीन वायूने पालेभाजी पिवळी पडते.

गारव्याबद्दल जास्त अपेक्षा नको. कोरड्या उन्हाळ्यासाठी सांगतात तो १०–१५ अंशांचा फरक इथे दमट वारा सुटला की बराच घटतो. जूनपासून हवाच ओली असल्याने पाणी उडत नाही आणि विटांवर बुरशी धरते. तेव्हा पाणी बंद करावं, कक्ष ब्लीचिंग पावडरने धुऊन उघडा ठेवावा, क्रेट हवेशीर फळ्यांवर मांडावेत आणि पालेभाजीची मागणी आदल्या दिवशीच घेऊन तेवढाच माल मागवावा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की वाळू वरून उकरून, पुन्हा भिजवून कक्ष सुरू करता येतो.