पाय भरलेत: पडून राहायचं की थोडं चालायचं?

जॉगिंग सुरू करून दोन दिवस झालेत आणि संडासात बसताना नळाचा आधार घ्यावा लागतोय, अशी अवस्था असेल तर हे वाचा. मी पावसाळा संपल्यावर ठाण्यातल्या उपवन तलावाला पळायला लागलो, वय ४२, त्याआधीचं शेवटचं पळणं म्हणजे सुटणाऱ्या लोकलमागे. पहिल्या शनिवारी उत्साहाच्या भरात तलावाच्या कडेने जमेल तेवढं पळालो, घरी येऊन पोहे खाल्ले, काहीच दुखेना, म्हटलं वा, अजून दम आहे. रविवारी मांड्या भरल्या आणि सोमवारचं तर विचारूच नका.

हे दुखणं येतंच उशिरा. १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या मधे कधीतरी कळस गाठतं. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले लॅक्टिक ॲसिड साचलंय, पण ते पळणं थांबल्यावर तास-दीड तासात निघून जातं, सोमवारच्या हालांचा दोष त्याला देता येत नाही. सवय नसलेल्या स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग तिथे दुरुस्तीचं काम निघतं आणि ते दुखतं, एवढंच.

आता मुद्दा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायचं काय? "पळूनच मोकळं होतं रे" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी मी एकदाच लागलो. दुखऱ्या पायाने माणूस लंगडत पळतो आणि मग गुडघाही बोलायला लागतो. नवशिक्यांसाठीचा तो काउच टू फाइव्ह के कार्यक्रमसुद्धा आठवड्याला तीनच दिवस पळवतो, पहिल्या आठवड्यात तर एक मिनिट पळ आणि दीड मिनिट चाल, असंच. तेव्हा रोज पळणं बाद. उरले दोन पर्याय, पूर्ण आराम किंवा हलकं चालणं.

आरामाला मी नावं ठेवणार नाही. रविवारी सोफ्यावर लोळत पडलो होतो, बायकोने कोमट तेल लावून दिलं, बरं वाटलं. स्नायू दुरुस्त व्हायला वेळ लागतो तो लागतोच आणि पडून राहिल्याने काही बिघडत नाही. त्रास फक्त एकच, की उठावं लागतं. तासभर बसून उठलो की पाय लाकडाचे, पहिली दहा पावलं बदकासारखी.

आणि मग सोमवारी सकाळी ठाणे स्टेशन. मी ऐरोलीला कामाला, म्हणजे पुलावरून ट्रान्स हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं. घरून स्टेशनपर्यंत रिक्षाने गेलो, पाय दुखतायत म्हणून. पूल चढलो, फार काही वाटलं नाही. उतरायला पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मांडीने हात टेकले. चढताना स्नायू आखडून जोर लावतो, उतरताना तोच स्नायू लांब होत होत अख्ख्या अंगाचा भार झेलतो, ब्रेक लावल्यासारखा, आणि इजा नेमकी अशाच कामाने झालेली असते. (म्हणूनच नवीन असाल तर येऊरच्या डोंगराचा उतार पळत उतरायच्या फंदात पडू नका, वर जाण्यापेक्षा तो महाग पडतो.) तर मी कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरतोय, मागे सगळी सकाळची गर्दी, एक जण "काका, साइड द्या ना", मला काका!, आणि खाली गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

पुढच्या वेळी रविवारी संध्याकाळी कचराळी तलावाला अगदी रमतगमत वीस मिनिटं चाललो आणि सोमवारी रिक्षा सोडून पाचपाखाडीतून स्टेशनपर्यंत चालत गेलो. सुरुवातीची पाच मिनिटं वाईट होती, नंतर पाय सुटले. पूल सरळ उतरलो, कठड्याला हात होता पण जीव टांगणीला नव्हता.

आता खरं सांगायचं तर दुखणं दोन्ही वेळेला बुधवारपर्यंत होतंच, चालल्याने ते लवकर गेलं असं मला तरी वाटलं नाही. शिवाय स्नायू शिकतात, त्याच पळण्याने दुसऱ्यांदा कमी दुखतं, म्हणजे थोडं श्रेय त्याला. पण नंतर एकदा अंतर वाढवलं आणि पुन्हा पाय भरले, तेव्हा मुद्दाम एक दिवस रिक्षाने गेलो नि एक दिवस चालत, आणि रिक्षाच्या दिवशी परत खेकडा. चालण्याने आराम पडतो तो तात्पुरता, तास-दोन तासांचा, थांबून बसलात की पाय पुन्हा आखडतात. पण मला तो तासच हवा असतो. स्ट्रेचिंगही करून पाहिलं, फारसा फरक नाही.

चालायचं म्हणजे किती, तर फोनवर बोलता येईल इतकं हळू आणि सपाट रस्त्याने. घाम आला तर जास्त झालं.

एक मात्र, हे सगळं दोन्ही पायांच्या मांसात सारखं दुखत असेल तरच. एकाच बाजूला, सांध्यात, किंवा नडगीच्या आतल्या कडेला हाडावर दाबलं की कळ येत असेल तर चालून बघू वगैरे नको, दाखवून घ्या. आणि पाय सुजलेत, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकू नका.

बायकोनेही आता पळायला सुरुवात केलीये आणि ती आरामवाल्यांच्या गटात आहे, दुसऱ्या दिवशी जागची हलत नाही आणि तिचं छान चाललंय. पण ती घरून काम करते, तिला पूल उतरायचा नसतो.