आघाडी, तिसरी मोट की स्वबळ? डाव्या पक्षांनी जागा कशी निवडावी

निवडणूक वर्ष लागलं की डाव्या पक्षांच्या जिल्हा कमिट्यांमध्ये तोच प्रश्न येतो. मोठ्या पक्षांच्या आघाडीत जायचं, लहान पक्षांची वेगळी मोट बांधायची, की आपल्या ठरावीक जागा स्वतःच्या जिवावर लढायच्या? राज्यभरासाठी याचं एक उत्तर काढायला गेलं की चुकतं. उत्तर मतदारसंघागणिक बदलतं, आणि ते शोधायला पुरेसा पुरावा गेल्या दहा वर्षांत जमला आहे.

तिसरी मोट

हा पर्याय आधीच बाजूला ठेवावा. तमिळनाडूत 2016 साली दोन्ही कम्युनिस्ट पक्ष (भाकप आणि माकप), वायको यांचा एमडीएमके, व्हीसीके आणि विजयकांत यांचा डीएमडीके एकत्र लढले. एकही आमदार आला नाही. त्याच दोन कम्युनिस्ट पक्षांनी 2021 मध्ये द्रमुकसोबत प्रत्येकी सहा जागा लढवल्या आणि प्रत्येकी दोन जिंकल्या. पश्चिम बंगालमध्ये 2021 साली काँग्रेस आणि आयएसएफला (इंडियन सेक्युलर फ्रंट) सोबत घेऊनही डाव्यांची पाटी कोरी राहिली. तृणमूल विरुद्ध भाजप अशी थेट लढत दिसताच लोकांनी तिसऱ्याकडे पाहिलंच नाही. आंदोलनात तुमच्यासोबत चालणारा माणूसही मत देताना सरकार कोणाचं येणार आणि कोणाचं येऊ द्यायचं नाही हे बघतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मोठी आघाडी

फायदा किती होऊ शकतो हे बिहारने दाखवलं. 2015 मध्ये वेगळं लढून माले (मार्क्सवादी-लेनिनवादी कम्युनिस्ट) पक्षाला तीन जागा मिळाल्या होत्या. 2020 मध्ये महागठबंधनात, म्हणजे राजद-काँग्रेसच्या आघाडीत, 19 लढवून 12 आल्या. तिन्ही डावे पक्ष मिळून 29 पैकी 16. पण 2025 मध्ये त्याच आघाडीत तिघांनी मिळून 33 लढवून तीनच आल्या. मोठ्या भावाची लाट ओसरली की धाकटाही वाहून जातो, तुमचं काम चोख असलं तरी.

आघाडीचं खरं दुखणं कुठे असतं ते बछवाडा मतदारसंघात दिसतं. 2020 साली भाकपचे अवधेश राय तिथे 484 मतांनी पडले. काँग्रेसच्या दिवंगत आमदारांचे चिरंजीव अपक्ष उभे होते आणि त्यांनी हजारो मतं घेतली. 2025 मध्ये काँग्रेसने त्यांनाच तिकीट दिलं, भाकपनेही राय यांना उभं केलं, त्याला ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हटलं गेलं आणि भाजप पुन्हा जिंकला. पाच वर्षं हातात असूनही हा तिढा सुटला नव्हता.

महाराष्ट्रातही आघाडीची फळं जागेनुसार वेगळी. डहाणूत माकपचे विनोद निकोले 2019 आणि 2024, दोन्ही वेळा आले. मित्रपक्षांनी जागा सोडली हे खरं, पण वनहक्काचे दावे, रेशन, पाणी यांवर पाड्यापाड्यात वर्षानुवर्षं केलेलं काम त्याच्या आधीचं आहे. शिरपूरची जागाही 2024 मध्ये महाविकास आघाडीने भाकपला सोडली होती. तिथे भाजपने मोठ्या फरकाने जिंकली. सोडलेली जागा आणि जिंकता येणारी जागा यांत फरक आहे, आणि मोठे पक्ष लहानांना बहुधा पहिल्या प्रकारची जागा देतात. सोलापूर शहर मध्य तर सुटलीच नाही: लोकसभेला काँग्रेसला साथ दिली, विधानसभेला तिथे माकपच्या नरसय्या आडम यांच्यासमोर काँग्रेसचाही उमेदवार होता. जागा भाजपकडे गेली.

दिंडोरी लोकसभेत 2019 मध्ये माकपच्या जे. पी. गावित यांनी लाखाहून जास्त मतं घेतली होती. 2024 ला ते थांबले, शरद पवार गटाचे भास्कर भगरे जिंकले आणि विधानसभेला कळवणची जागा माकपला मिळाली. तिथे हार झाली, तरी माघारीच्या बदल्यात नेमकी, नाव घेऊन मागितलेली जागा मिळवणं हीच सौद्याची योग्य रीत. ‘पुढे बघू’ या शब्दावर माघार घेऊ नये.

स्वबळ

सांगोल्यात गणपतराव देशमुखांनी उभी केलेली शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची) संघटना आहे. 2019 ला ती जागा 768 मतांनी गेली. 2024 ला उद्धव सेनेने स्वतःचा उमेदवार दिला, तरी शेकापचे बाबासाहेब देशमुख मोठ्या फरकाने जिंकले. दोन्ही सेनांचे उमेदवार समोरासमोर होते आणि शेकापची मतं जागची हलली नाहीत. उरणला उलट झालं: शेकाप दुसरा, उद्धव सेना तिसरी, आणि भाजपच्या मताधिक्यापेक्षा तिसऱ्याची मतं कितीतरी पट जास्त. स्वबळ परवडतं कधी? गेल्या वेळी तुम्ही पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर होता आणि फुटणारी मतं समोरच्याचीही आहेत, तेव्हाच. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मतं पडली तर अनामत जाते. दहा हजार रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांसाठी पाच हजार) पुढच्या वाटाघाटीतली पत जाते, तो तोटा मोठा.

ठरवण्याआधी हातात काय हवं

मतदान केंद्रनिहाय निकाल, म्हणजे फॉर्म 20. मागच्या दोन निवडणुकांचे घ्या आणि तुमच्या संघटनेचे सभासद कोणत्या बूथवर आहेत ते त्याशेजारी लिहा. 2024 ला राज्यात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती. मतदारसंघाला सरासरी साडेतीनशे. त्यांतल्या निम्म्या केंद्रांवरही दिवसभर बसणारा पोलिंग एजंट स्वतःचा नसेल, तर स्वबळाची भाषा करू नका. आघाडीत मित्रपक्षाचा एजंट बसतो, पण संध्याकाळी 17-सी ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, केंद्राध्यक्षाच्या सहीची प्रत मागायची हे त्याला आधी सांगावं लागतं. त्यावरचा एकूण मतांचा आकडा मोजणीच्या टेबलावर यंत्राच्या आकड्याशी जुळवायचा असतो. प्रत नसेल तर हरकतीला आधार राहत नाही.

चिन्हाचा हिशेब बहुतेक जण उशिरा करतात. माकपला राष्ट्रीय मान्यता असल्याने विळा-हातोडा-तारा सगळीकडे मिळतो आणि नाव यादीत वरच्या गटात येतं. भाकपची राष्ट्रीय मान्यता एप्रिल 2023 मध्ये गेली, त्यामुळे दुसऱ्या राज्यात आपलं चिन्ह वापरायला आयोगाकडे वेळेत अर्ज करावा लागतो. मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह हवं असेल, तर किमान पाच टक्के जागा लढवण्याची हमी द्यावी लागते. 288 च्या विधानसभेत त्या चौदाएक होतात. ‘चारच जागा लढू’ हा निर्णय म्हणजे चार उमेदवारांना चार वेगळी चिन्हंही असू शकतात.

आघाडीत असाल तर मतदाराची सवय मोडावी लागते. तो मशाल (उद्धव सेना), पंजा (काँग्रेस) किंवा तुतारीवाला माणूस (शरद पवार गट) शोधत येतो. दिंडोरीतच 2024 ला भगरे आडनावाच्या अपक्षाला ‘तुतारी’ चिन्हावर लाखाहून जास्त मतं पडली होती. चिन्ह वाटप झालं की त्याच रात्री अनुक्रमांक, फोटो आणि चिन्ह असलेली नमुना मतपत्रिका छापायला द्या. ती घरोघरी वाटताना मित्रपक्षाचा स्थानिक माणूस सोबत न्या, कारण ‘यंदा आपलं चिन्ह हे’ असं त्याने म्हटलं तरच मत वळतं.

शेवटी तारखा. एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते कळवणारे) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोचले पाहिजेत. माघारही ठरलेल्या दिवशी 3 वाजेपर्यंतच, आणि लेखी. त्यानंतर नेत्याने कितीही पाठिंबा जाहीर केला तरी त्याच्या उमेदवाराचं नाव आणि चिन्ह यंत्रावर राहतं, मतं खातं. म्हणून जागावाटप लेखी हवं, मतदारसंघाच्या नावानिशी. आणि ज्या जागेवर दोघांचा दावा आहे, तिथे कोण माघार घेणार त्याचं नाव अर्ज भरायच्या आधी त्या कागदावर आलं पाहिजे.