वायरगार्डवर व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या ऑफिसमध्ये लिनक्स गेटवे, पलीकडे मुंबई रीजनमधल्या क्लाउड व्हीएम. मधे साध्या ब्रॉडबँडवर वायरगार्ड (एन्क्रिप्टेड व्हीपीएन टनेल), त्यावर व्हीएक्सलॅन (दोन्ही टोकं एकाच लॅनमध्ये असल्यासारखी जोडणारं आवरण), आणि कोणता मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) कुठे आहे ते एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरमधलं बीजीपी-ईव्हीपीएन (ही माहिती टोकांमध्ये वाटणारा प्रोटोकॉल) सांगतं. लायसन्सचा खर्च नाही, आणि एकदा बसलं की पक्कं चालतं. बसवताना मात्र घाम निघतो.

सगळ्यात जास्त छळतो एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी (बाइटमध्ये). वायरगार्डचा डिफॉल्ट 1420. व्हीएक्सलॅनचे 50 बाइट गेले की आत 1370 उरतात. टनेल आयपीव्ही4 वरून असेल तर पीपीपीओईच्या (लॉगिन लागणाऱ्या ब्रॉडबँडच्या) 1492 मध्येही हे मावतं. त्याच पीपीपीओईवर टनेल आयपीव्ही6 वरून असेल तर 1412 आणि 1362 करा. चुकलं की छोटा पिंग जातो, टीसीपी जोडणी होते, पण मोठी फाइल सुरू केली की सेशन गोठतं. ब्रिज (लिनक्समधला स्विच) मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो. 'पॅकेट मोठं आहे' असं कळवणारा राउटरच मधे नसतो. म्हणून गेटवेवर एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्याचा कमाल आकार) कमी करून भागत नाही, त्याच सबनेटमधली वाहतूक तिथून राउट होतच नाही. डीएचसीपीच्या (आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन 26 ने प्रत्येक मशीनला 1370 द्या, स्टॅटिक आयपीवाल्यांना आणि हा ऑप्शन न पाळणाऱ्यांना हाताने. तपासणी सोपी: डीएफ (तुकडे करू नका ही खूण) लावलेला 1342 बाइटचा पिंग गेला पाहिजे, 1343 चा अडला पाहिजे.

व्हीटेपचा (व्हीएक्सलॅनच्या टोकाचा) लूपबॅक पत्ता वायरगार्डच्या अलाउड-आयपीमध्ये (टनेलमधून जाऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) नसेल तर हँडशेक दिसतो, डेटा जात नाही. ऑफिस सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी) असेल तर ऑफिसकडून कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पॅकेट) 25 सेकंद ठेवा. बीएफडीचे (लिंक पडल्याचं झटपट ओळखणाऱ्या प्रोटोकॉलचे) 300 मिलिसेकंद गुणिले 3 ब्रॉडबँडला झेपत नाहीत, सेशन पडत-उठत राहतं. 1 सेकंद गुणिले 3 पुरे. व्हीएक्सलॅन पोर्टवर लर्निंग (ट्रॅफिक बघून मॅक शिकणं) बंद आणि नेबर सप्रेशन (एआरपीच्या प्रश्नांना स्थानिक उत्तर) चालू हवंच. प्रत्येक ब्रॉडकास्टची दर साइटला वेगळी प्रत जाते, आणि ती ऑफिसच्या अपलोडमधूनच.

क्लाउडचं स्वतःचं सबनेट असं ताणता येत नाही, तिथलं नेटवर्क अनोळखी मॅक पुढे नेत नाही. व्हीएक्सलॅन व्हीएमच्या आतच संपवावा लागतो. त्यामुळे लेयर 2 (मॅकच्या पातळीवरचं ताणलेलं नेटवर्क) फक्त आयपी न बदलता मशीन हलवण्यापुरतं वापरावं आणि स्थलांतर झालं की टाइप-5 रूटवर (ईव्हीपीएनमधून आयपी सबनेट कळवणाऱ्या रूटवर) यावं. डिफॉल्ट गेटवे एकट्या ऑफिसात ठेवला तर क्लाउडमधल्या दोन सबनेटमधली वाहतूकही पुण्याला वळसा घालते, आणि क्लाउडबाहेर पडणाऱ्या डेटाचं बिल लागतं. दोन्ही टोकांना एकच आयपी-मॅक असलेला एनीकास्ट गेटवे ठेवा.

टाइप-5 वर आल्यावर गेटवे व्हीएमचा सोर्स-डेस्टिनेशन चेक (स्वतःच्या पत्त्याचं नसलेलं पॅकेट अडवणारी क्लाउडची तपासणी) बंद करा. क्लाउडच्या रूट टेबलमधली नोंद साधारणपणे स्टॅटिक असते, त्यामुळे गेटवे पडला की ती दुसऱ्या गेटवेकडे वळवणारी स्क्रिप्ट आधीच तयार ठेवा. गेटवेवरचं बीजीपी आपणहून तिथे काही बदलत नाही.