टाहोला जायचं ठरलं, पण कुठल्या काठावर?

मराठी माणसाला 'टाहो' म्हटलं की पुढे 'फोडणे' आठवतं. बे एरियात राहून शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला गाडी काढली, तर तो फोडावाही लागतो. लेक टाहो म्हणजे कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचा डोंगरातला तलाव, सॅन फ्रान्सिस्कोहून साधारण 200 मैल. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, आणि शुक्रवार असेल तर पाच-सहा तास धरूनच चाला. आमचा आठ जणांचा कंपू दोन्ही काठांवर राहून आला आहे, तरी दरवेळी व्हॉट्सॲपवर तोच वाद पेटतो: साउथ लेक की नॉर्थ?

तलाव 22 मैल लांब, 12 मैल रुंद, आणि भोवतीचा रस्ता 72 मैलांचा. नकाशा बघून 'शनिवारी एक चक्कर मारून टाकू' म्हणणारा एक मित्र प्रत्येक कंपूत असतो. त्याचं ऐकू नका. उन्हाळ्यातल्या शनिवारी ती चक्कर म्हणजे दिवसभर गाडीत बसून खिडकीतून निळं पाणी बघणं, कारण जिथे उतरावंसं वाटतं तिथे पार्किंग नसतं. हातात दोनच रात्री असतील तर एक काठ धरा आणि तिथेच राहा.

सॅक्रामेंटोपर्यंत रस्ता एकच. तिथून हायवे 50 प्लॅसरव्हिलवरून, एको समिट ही खिंड ओलांडून दक्षिण काठावरच्या साउथ लेक टाहोला उतरतो, आणि हायवे 80 डॉनर समिटवरून उत्तर काठाजवळच्या ट्रकी गावाला जातो. 80 हा रुंद, सरळसोट महामार्ग. 50 जास्त देखणा, पण प्लॅसरव्हिलमध्ये त्याच्यावर चक्क सिग्नल लागतात आणि पुढे घाटात तो अरुंद होतो. गाडी लागणारं कोणी सोबत असेल तर 80च बरा. आमच्याकडे अशी दोन माणसं आहेत, आणि दोघंही पुढच्याच सीटवर हक्क सांगतात.

आता दक्षिण काठ. इथलं नाणं एकच आणि ते खणखणीत आहे: एमराल्ड बे. डोंगराच्या कुशीत शिरलेली हिरवट-निळी खाडी, मधोमध फॅनेट नावाचं बेट. अख्ख्या टाहोत बेट हे एवढंच. खाली काठाशी वायकिंग्सहोम हा 1929 साली बांधलेला, स्कँडिनेव्हियन धाटणीचा 38 खोल्यांचा वाडा आहे. घराच्या मालकीणबाई पाहुण्यांना होडीने बेटावर नेऊन चहा पाजत. त्या चहाघराच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. वाड्यापर्यंत एक मैल उतरण. जाताना सगळे हसत-खिदळत जातात, येताना तोच मैल प्रत्येकाचं वय सांगतो. वरचं पार्किंग छोटं आहे आणि उन्हाळ्यात सकाळी लवकरच भरतं. नऊ वाजता नाश्ता करून निघू म्हणालात, तर एमराल्ड बे फक्त चालत्या गाडीतून दिसेल.

दक्षिणेचा दुसरा गुण म्हणजे गजबज. हॉटेलं, दुकानं, हेवनली या स्की रिसॉर्टचा गोंडोला (तारेवरून डोंगरावर नेणारा पाळणा), आणि रस्ता ओलांडला की नेवाडा. कॅसिनो अगदी सीमेला खेटून उभे आहेत. संध्याकाळी सात नंतर 'आता काय करायचं?' असं विचारणारी माणसं बरोबर असतील, तर त्यांचं उत्तर इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. झेफिर कोव्हहून मोठी पॅडलव्हील बोट एमराल्ड बेपर्यंत फिरवून आणते. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील, तर त्या एक मैलाच्या चढापेक्षा ही बोट कितीतरी बरी.

उत्तर काठ शांत आहे आणि, माझं मत विचाराल तर, पाण्यात उतरायचं असेल तेव्हा सरस आहे. नेवाडाच्या हद्दीतला सँड हार्बर बघितला की कळेल. पाण्यात अर्धे बुडालेले गोल गुळगुळीत ग्रॅनाइटचे धोंडे, तळाची वाळू स्पष्ट दिसणारं पाणी, आणि सूर्य समोर पाण्यापलीकडच्या डोंगरांत मावळतो. कायाकमध्ये बसून खाली पाहिलं की आपण हवेत तरंगतोय असं वाटतं. अडचण अशी की ही गोष्ट सगळ्यांनाच कळली आहे. उन्हाळ्यात सकाळी गाडी आत न्यायची तर आधी ऑनलाइन आरक्षण करावं लागतं, आणि कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटला नेवाडावाल्यांपेक्षा जास्त पैसे पडतात. आरक्षण हुकलं तर इनक्लाइन व्हिलेजहून काठाकाठाने तीन मैलांची ईस्ट शोअर ट्रेल आहे. 2019 साली झालेली, सिमेंटची, सायकलसाठी झकास. आम्ही आरक्षण विसरलो म्हणून त्या वाटेने गेलो आणि मधल्याच एका छोट्या खाडीत दुपारपर्यंत डुंबत बसलो. सँड हार्बर राहूनच गेला, आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही.

कंपूसाठी खरी धमाल मात्र याच काठावरच्या टाहो सिटीत. टाहोला 63 ओढे-नद्या येऊन मिळतात, पण बाहेर पडणारी नदी एकच: ट्रकी. ती समुद्राला मिळत नाही, नेवाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. टाहो सिटीतून भाड्याची रबरी नाव घेऊन या नदीवरून पाचेक मैल संथ वाहत जायचं. वल्ही मारली तरी चालतं, नाही मारली तरी. दोन-तीन तास एकाच नावेत अडकलेली आठ माणसं, हातात फोन नाही, आणि शेजारच्या नावेवर पाणी उडवायची पूर्ण मुभा. कॉलेजनंतर इतके आम्ही कुठेच हसलो नव्हतो. फक्त कोरड्या वर्षात नदीला पाणी कमी असतं तेव्हा हे बंद राहतं. निघण्याआधी फोन करून विचारा.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून 1,897 मीटर, म्हणजे पाय पाण्यात सोडून बसलेले तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटर उंच असता. तलाव खोलही तसाच, 501 मीटर. त्यामुळे जुलैतसुद्धा पाणी असं गार की पहिली उडी मारणाऱ्याच्या तोंडून आईचं नाव निघतं. आणि स्वयंपाकघरात पाणी 94 अंशांच्या आतच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ लावलीत तर पत्त्यांचे चार डाव संपतील, डाळ शिजणार नाही. कुकर घरून न्या.

अस्वलंही दोन्हीकडे. ती गाडीचं दार उघडतात, ही अफवा नाही. भाकरवडीची एक पिशवी मागच्या सीटवर राहिली होती आणि गाडी लॉक केलेली नव्हती. सकाळी दार सताड उघडं, सीट फाटलेली, आणि पिशवीचा मागमूस नाही. तिखट कितपत झेपलं, कोण जाणे. भाड्याच्या घरांमध्ये रात्री दहानंतर अंगणात आवाज चालत नाही, तेव्हा अंताक्षरी खिडक्या लावून.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. स्कीइंग येणाऱ्यांना उत्तरेला पॅलिसेड्स टाहो (1960चं हिवाळी ऑलिंपिक इथेच झालं) आणि नॉर्थस्टार, दक्षिणेला हेवनली. न येणाऱ्यांना दक्षिण बरी, कारण बर्फात पडून झाल्यावर करायला काहीतरी असतं. पण त्या दिवसांत हिमकडा कोसळण्याच्या भीतीने एमराल्ड बेचा रस्ता अधूनमधून बंद करतात, म्हणजे दक्षिणेचं ते खणखणीत नाणंच गायब. चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत ठेवा आणि त्या घरीच एकदा लावून बघा. घाटात, अंधारात, पडत्या बर्फात शिकायचा तो विषय नाही.

मग ठरवायचं कसं? कोणी पहिल्यांदाच आणि बहुधा एकदाच येणार असेल, आईबाबा असतील, किंवा कंपूतल्या अर्ध्यांना रात्रीची रोषणाई लागत असेल, तर दक्षिण. मित्रमंडळी तीच ती, उन्हाळा, आणि दिवसभर पाण्यात लोळायचं असेल, तर डोळे झाकून उत्तर. महिना निवडता आला तर सप्टेंबर: शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरते आणि पाणी अजून सोसवतं. वणव्यांचे दिवसही हेच, त्यामुळे हवेचा निर्देशांक बघून निघा. 2021 साली काल्डॉर वणव्यामुळे अख्खं साउथ लेक टाहो रिकामं करावं लागलं होतं. भाड्याचं घर ठरवताना पैसे परत मिळण्याची अट वाचायला विसरू नका.

यंदा आम्ही किंग्ज बीचला, उत्तरेलाच घर घेतलंय. साउथवाले दोघे रुसले, म्हणून तह असा झाला: जाताना हायवे 80, आणि रविवारी पहाटे पाचला सामान भरून, टाहो सिटीमार्गे तासाभरात एमराल्ड बे. खाडीचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे सूर्योदय थेट पाण्यावर, आणि त्या वेळी पार्किंगही मिळतं. तिथे थर्मासमधला चहा प्यायचा आणि 50 वरची गर्दी सुरू व्हायच्या आत एको समिट उतरून घरी. पाचला उठायची जबाबदारी अर्थात त्या दोघांवर.