खर्चाचं व्हाउचर पुस्तक, अप्पा बळवंत चौकातून छापून घेतलेलं: पाचपैकी चार

मी फूड स्टायलिस्ट. फोटोग्राफर लाइट लावत असतो तेव्हा चिमट्याने मिसळीवरची शेव उभी करत बसणारी बाई म्हणजे मी. नऊ वर्षं फ्रीलान्स करतेय, पुण्यात. आणि या कामात घेतलेल्या सगळ्या वस्तूंत मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू कुठली, तर १,१५० रुपयांत छापून घेतलेली दहा व्हाउचर पुस्तकं.

माझी फी सरळ आहे. शूटचा दिवस १०,०००, खरेदी-तयारीचा दिवस ५,०००. फीवरून कधी कुरबुर होत नाही, होते ती प्रॉप्सवरून, म्हणजे फोटोत मांडायच्या भांड्या-ताटल्यांवरून. पूर्वी मी बिलात एक ओळ लिहायचे: ‘प्रॉप्स, साहित्य व इतर – ७,०००’. एका ब्रँडच्या अकाउंट्समधल्या मुलीने फोन केला, “मॅम, बरोब्बर सात हजार कसे झाले?” खरं तर ७,६४० झाले होते. विचित्र आकडा मागायची लाज वाटली म्हणून मीच वरचे सोडून दिले होते, आणि वर चोर ठरले. पण दाखवायला कागद कुठे होता? मंडईतली कोथिंबीरवाली पक्कं बिल देत नाही. जुन्या बाजारात रविवारी चादरीवर मांडलेल्या एनॅमलच्या ताटल्यांचं तर नाहीच नाही.

म्हणून ही पुस्तकं. प्रेस चौकातून आत बोळात आहे, मुख्य धंदा गणेश मंडळांच्या पावतीपुस्तकांचा. त्यामुळे माझ्या प्रूफवरही मधोमध ‘॥ श्री ॥’ आलं. राहू दिलं. एका पुस्तकात ५० जोड्या: वरचा पांढरा कागद क्लायंटला, खालचा पिवळा माझ्याकडे. मध्ये कार्बन घालावा लागत नाही, वरचं आपोआप खाली उमटतं. विकणारा पांढऱ्यावर सही करतो. जुन्या बाजारातल्या एकाने आधी मला आपादमस्तक न्याहाळलं. “सही कशाला ताई? पोलिसाचं काय लफडं आहे का?” ६०० सांगितलेली ताटली ३५० ला दिली होती त्याने. क्लायंटला आकडा ३५०च गेला, कारण घासाघीस मी क्लायंटच्या पैशांसाठी केली होती.

आता मुख्य गोष्ट. मी कॉलम सांगत होते – तारीख, काय घेतलं, कुणाकडून, रक्कम – आणि प्रेसवाले काका लिहून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, “आणि शूट झाल्यावर ती भांडी राहतात कुणाकडे?”

मी म्हटलं, “माझ्याकडेच.”

“पैसे त्यांचे ना?”

घरी माझ्या कपाटात तांबट आळीतून आणलेले दोन तांबे होते, एक घंगाळं, चौदा-पंधरा वाट्या. सगळ्यांचे पैसे कुठल्या ना कुठल्या क्लायंटने दिलेले. आणि पुढच्या क्लायंटला तेच घंगाळं मी ‘प्रॉप भाडं – ५००’ म्हणून लावत होते. आमच्यात सगळेच असं करतात, मीही कधी विचार केला नव्हता. काकांनी न विचारता पाचवा कॉलम आखला: ‘वस्तू कोणाकडे’.

तेव्हापासून नियम असा. पूर्ण किंमत बिलात लावली तर वस्तू क्लायंटची. बबलरॅपमध्ये गुंडाळून पाठवून देते. मला ठेवायची असेल तर अर्धेच पैसे लावते आणि त्या कॉलमात माझं नाव येतं. भाडं फक्त माझ्या पैशांनी घेतलेल्या वस्तूंचं. त्या जुन्या घंगाळाला आता भाडं लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत खिशाला चाट बसली, खोटं कशाला बोलू. पण ‘राउंड फिगर कसा’ हा फोन परत आलेला नाही.

दुसरा फायदा अनपेक्षित होता. फी आणि खर्च एकाच बिलात असताना क्लायंट सगळ्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापायचा. समजा फी १५,००० आणि प्रॉप्स १८,४००, तर ३,३४० गेले. आता खर्चाचं बिल व्हाउचर लावून वेगळं देते, तर कापले जातात फीवरचे १,५००. उरलेले १,८४० रिटर्न भरल्यावर मिळालेच असते, पण तोवर फुलवालीचे पैसे मी खिशातून दिलेले असतात. तळाशी उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा, नंबरही छापून घेतलाय. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी आम्हा छोट्यांचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारच नसेल तर १५. नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात.

एक स्टार कापला त्याची कारणं. जेल पेनने पिवळ्यावर काही उमटत नाही, बॉलपेन दाबूनच लिहावं लागतं. पुस्तक बॅगेत चिमट्या-सुऱ्यांसोबत ठेवलं तर कोऱ्या कागदांवर रेघोट्या उठतात. पिवळी प्रत उन्हात पुसट होते, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा. आणि नंबरिंगचा घोळ: मला १५१ ते २०० ची दोन पुस्तकं आली. तक्रार केली तर काकांनी शांतपणे दुसऱ्या पुस्तकावर पेनने ‘अ’ लिहून दिला. “१५१ अ. चालतंय की.” सीएला अजून पटलेलं नाही.

दहाच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. मला वर्षाला चारच लागतात. पुढच्या वेळी ‘रक्कम’चा कॉलम थोडा आवळून ‘वस्तू कोणाकडे’ मोठा करून घेणार आहे. सध्या तिथे ‘क्लायंट, पण कान तुटलेला’ एवढं मावत नाही.