डिस्क्लेमर खाली चिकटवायचा की तोंडानं सांगायचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीतून शेती, खाद्यपदार्थ, घरगुती औषधं किंवा सीमाप्रश्न यावर व्हिडिओ करणाऱ्यांपुढे डिस्क्लेमरच्या, म्हणजे सावध करणाऱ्या किंवा जबाबदारी नाकारणाऱ्या सूचनेच्या, दोन तऱ्हा असतात. एक, डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओखालच्या माहितीत, कायमचा ठेवलेला लांब मजकूर. दुसरी, व्हिडिओत जिथं धोका आहे तिथंच, त्याच वाक्याला जोडून दिलेली सूचना आणि सोबत पडद्यावर अक्षरं. मी दुसरी धरली आहे. पहिली अगदीच टाकाऊ आहे, असं मात्र म्हणणार नाही.

पहिलीची सोय मोठी आहे. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अपलोड डीफॉल्टला मजकूर एकदा भरला की प्रत्येक नव्या व्हिडिओखाली तो आपोआप येतो. डिस्क्रिप्शनमध्ये 5000 अक्षरं मावतात. चूक सापडली तर कधीही सुधारता येते. व्हिडिओत बोललेलं तसं बदलता येत नाही, कारण तीच लिंक ठेवून फाइल बदलायची सोय यूट्यूब देत नाही. रोज दोन-दोन व्हिडिओ टाकणाऱ्याला ही बाजू जड वाटणं साहजिक आहे.

तरीही माझा काटा हलला तो एका कटकटीमुळे. व्हिडिओ फुटतो. बारा मिनिटांतला चाळीस सेकंदांचा कामाचा तुकडा कुणीतरी कापतं आणि तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. चंदगड, गडहिंग्लजपर्यंत पोचतो. डिस्क्रिप्शन जागेवरच राहतं.

उसातल्या तणनाशकाचं उदाहरण घ्या. अ‍ॅट्राझिन उसाला आणि मक्याला चालतं, पण आपल्याकडे उसात सोयाबीनचं आंतरपीक सर्रास घेतात आणि सोयाबीन त्यानं जळतं. व्हिडिओत फवारणीची वेळ आणि पंपाचं प्रमाण सांगितलं आणि खाली लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्या, नुकसानीस चॅनेल जबाबदार नाही.’ फिरणाऱ्या तुकड्यात यातलं काहीच नसतं. त्याऐवजी प्रमाण सांगतानाच, मध्ये श्वास न घेता, ‘सोयाबीन आंतरपीक असेल तर हे मारूच नका’ असं म्हटलं की तुकडा कुठूनही कापला तरी सूचना त्यासोबत जाते. मधे एक सेकंदाची जागा सोडली तरी कापणारा तिथंच कात्री लावतो, म्हणून प्रमाण आणि सूचना एकाच वाक्यात बसवायची.

या दोन सूचनांच्या जातीतही फरक आहे. जबाबदारी झटकणारं वाक्य बघणाऱ्याला काही शिकवत नाही. काय करू नये हे सांगणारं वाक्य नुकसानच टाळतं, आणि नुकसान झालं नाही तर तक्रारीला कारण उरत नाही.

दुसरी अडचण भाषेची. खाली चिकटवलेला मजकूर बहुतेक इंग्रजीत आणि कुठून तरी उचललेला असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्राची 9 जून 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात आणि शिफारस यांना लागू आहेत. ती सांगतात की दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमरही त्याच भाषेत हवा, ठळक दिसणारा हवा, आणि दावा आवाजात असेल तर त्याच्या जोडीनं, त्याच वेगानं यायला हवा. मूळ दाव्याला छेद देणारा किंवा खोटा दावा सावरायला लावलेला डिस्क्लेमर चालत नाही. म्हणजे मराठीत ‘पंधरा दिवसांत गुडघेदुखी जाते’ म्हणायचं आणि खाली इंग्रजीत ‘परिणाम वेगळे असू शकतात’ लिहायचं, हे भाषेत बसत नाही आणि आशयातही नाही. सीमाभागात आणखी एक लक्षात ठेवा. मराठी बोलता बोलता औषधाचं प्रमाण कन्नडमध्ये सांगितलं असेल, तर सूचनाही कन्नडमध्ये पुन्हा द्यावी.

पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओत तर खाली लिहिणं पुरतच नाही. दुकानानं कुंद्याचा किंवा करदंटाचा, म्हणजे मिठाईचा, डबा फुकट पाठवला असेल तर तेही उघडपणे सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषद ही उद्योगाची स्वनियमन संस्था आहे. तिच्या 14 जून 2021 पासूनच्या नियमांत अगदी सेकंद मोजून दिले आहेत. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल, म्हणजे ही जाहिरात आहे असं सांगणारी पाटी, किमान 3 सेकंद, त्यापुढे 2 मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ, आणि 2 मिनिटं किंवा जास्त असेल तर वस्तूचा भाग चालू असेपर्यंत. लाइव्हमध्ये सुरुवातीला आणि शेवटी तोंडानं सांगायचं. यूट्यूबच्या ‘पेड प्रमोशन’च्या खुणेवर विसंबू नका, ती सुरुवातीला फक्त 10 सेकंद दिसते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 21 खाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात सुटकेची वाटही आहे: दाव्याची खातरजमा केल्याचं दाखवता आलं तर दंड टळतो. म्हणून पाकिटाच्या लेबलचा फोटो, 14 आकडी अन्न परवाना क्रमांक आणि दुकानदाराशी झालेलं चॅट जपून ठेवा. संकटात डिस्क्लेमरपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडतात. ‘वाद फक्त बेळगाव न्यायालयात’ हे वाक्यही मजकुरातून काढलेलं बरं. कलम 34 प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, आणि व्हिडिओ बघणाऱ्यानं तुमच्या अटीवर सही केलेली नसते.

काही ठिकाणी दोन्ही तऱ्हा निकामी आहेत. गाण्याखाली ‘कॉपीराइट अ‍ॅक्ट 1976, कलम 107’ लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो अमेरिकेचा कायदा आहे. आपला 1957 चा, आणि सूट कलम 52 मध्ये, समीक्षा, चालू घडामोडी अशा ठरावीक कामांपुरती. यूट्यूबची यंत्रणा आवाज जुळवते, डिस्क्रिप्शन वाचत नाही. 90 दिवसांत 3 स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाच्या नोंदी, झाल्या की चॅनेल जाऊ शकतं. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात 1954 च्या जादूई उपाय कायद्यातच निषिद्ध आहे. शेअरच्या बाबतीत ‘फक्त शिक्षणासाठी’ म्हणून आजचे भाव दाखवणंही चालत नाही. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकानं केवळ शिक्षण देणाऱ्यांना मागच्या 3 महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली होती.

सीमाप्रश्नावर बोलताना मात्र फार जपायला हवं. 1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, जवळ आला की ‘कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही’ ही पाटी लावून पुढे तिखट भाषा वापरली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये गटागटांत वैर वाढवण्याच्या कारणांत भाषा, जन्मस्थान आणि निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाटी लावल्यानं पुढचं वाक्य सौम्य होत नाही. इथं डिस्क्लेमरपेक्षा मांडणी उपयोगी पडते. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, अशी माहिती तारखेसह एका बाजूला ठेवावी, स्वतःचं मत वेगळं म्हणून सांगावं, आणि टीका धोरणावर करावी, कन्नड बोलणाऱ्यांवर कधीही नाही. आपले शेजारीपाजारी तेच आहेत.

दुसऱ्या तऱ्हेला कष्ट पडतात, हे मान्य. संहिता लिहितानाच सूचनेची वाक्यं अधोरेखित करावी लागतात. एका व्हिडिओत तीन-चारपेक्षा जास्त झाली की ऐकणारा कंटाळतो, म्हणून जिथं पैसा, पीक किंवा शरीर धोक्यात आहे तिथंच ती ठेवावीत. उभ्या व्हिडिओत अक्षरं खालच्या चौथाईत किंवा उजव्या कडेला ठेवू नयेत, तिथं नाव आणि बटणं येऊन ती झाकली जातात. सुरुवातीला दहा सेकंदांची काळी पाटी नको. लोक ती पुढे सरकवतात आणि कापलेल्या तुकड्यात ती नसतेच.

डिस्क्रिप्शन मी पूर्ण रिकामं ठेवत नाही. पहिल्या दोन ओळींत, म्हणजे ‘आणखी’च्या वर, प्रायोजकाचं नाव आणि मुख्य सूचना मराठीत. आणि तोंडानं सांगितलेलं प्रमाणच चुकलं असेल, तर पिन केलेल्या कॉमेंटवर भागवू नये. व्हिडिओ त्याच दिवशी प्रायव्हेट करावा, दुरुस्त करून पुन्हा चढवावा, आणि जुना तुकडा ज्या ग्रुपवर गेला तिथं नवा पाठवावा.