ऑफस्पिन की लेगस्पिन: धरायचं कुठलं?

ऑफस्पिन (बोटांनी वळवलेला, उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत येणारा चेंडू) आणि लेगस्पिन (मनगटाने वळवलेला, त्याच्यापासून बाहेर जाणारा) दोन्ही थोडं थोडं जमतंय आणि आता एकच काहीतरी धरायचंय, अशा टप्प्यावरच्या गोलंदाजासाठी हे लिहितोय. पकड, मनगट, कुठला चेंडू कुठे वळतो, हे तुम्हाला माहीत आहे. क्लबच्या क्रिकेटात मी दोन्ही टाकलं आणि शेवटी ऑफस्पिनवर स्थिरावलो. तरी माझ्यापेक्षा मोठ्या गोलंदाजांची उदाहरणं आधी बघू. त्यांची एकूण बळींची संख्या सगळ्यांना पाठ असते. निवड करणाऱ्याच्या उपयोगाची असतात ती त्यांची पहिली दोन-तीन वर्षं.

ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न याचं कसोटी पदार्पण जानेवारी 1992 चं, सिडनीत, भारताविरुद्ध. 45 षटकं, 150 धावा, एक बळी. तोही रवी शास्त्रीचा, त्याच्या 206 धावा झाल्यावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध पहिल्या डावात पुन्हा शंभरावर धावा आणि बळी शून्य. पण शेवटच्या डावात, सामना अगदी काठावर असताना, कर्णधार ॲलन बॉर्डरने चेंडू त्याच्याच हातात दिला. वॉर्नने शेवटचे तीन बळी एकही धाव न देता घेतले आणि ऑस्ट्रेलिया 16 धावांनी जिंकला. डिसेंबरात मेलबर्नला 52 धावांत 7 बळी, आणि जून 1993 मध्ये इंग्लंडच्या माइक गॅटिंगचा त्रिफळा. सगळे गॅटिंगला टाकलेल्या त्या चेंडूबद्दल बोलतात. मला बॉर्डरचा तो निर्णय त्याहून मोठा वाटतो.

कारण बॉर्डर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ब्राइस मॅकगेन हाही ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर. 2009 मध्ये केपटाऊनला त्याने 18 षटकांत 149 धावा दिल्या, बळी मिळाला नाही आणि दुसरी कसोटीही मिळाली नाही. इंग्लंडचा लेगस्पिनर आदिल रशीद याने 2015 मध्ये अबुधाबीला पदार्पणाच्या पहिल्या डावात 163 धावा देऊन एकही बळी घेतला नव्हता. दुसऱ्या डावात मात्र पाच घेतले. लेगस्पिनरला ही पुढची संधी कोणीतरी द्यावी लागते.

माझा निर्णय इथेच झाला. लेगस्पिन उत्तम पडत असतानाही षटकात एखादा चेंडू निसटतोच. मनगट आणि अनामिका यांचा मेळ क्षणभर आधी जमला तर फुलटॉस, क्षणभर उशिरा जमला तर आखूड. चार चेंडूंवर फलंदाज चाचपडतो, पाचवा पॉइंटच्या बाजूने सीमारेषेपार जातो. तेवढंही मी सोसलं असतं. खरा त्रास पुढचा होता. दोन षटकांनंतर कर्णधार चेंडू काढून घेतो आणि तुम्ही फाइन लेगला, म्हणजे यष्टीमागे सीमारेषेजवळ, जाऊन उभे राहता. बोटं थंड पडतात, लय जाते. अर्ध्या तासाने भागीदारी जमली की कर्णधाराला तुमची आठवण होते, आणि तेव्हा पहिल्या चेंडूपासून टप्पा हवा असतो. मला तो सापडायला निदान एक षटक लागायचं, आणि तेवढ्यात स्पेल (सलग षटकांची पाळी) संपलेला असायचा. ऑफस्पिन टाकायला लागल्यावर हा छळ जवळजवळ थांबला. थंड हातानेही पहिला चेंडू साधारण जागेवर पडायचा, चूक झाली तरी एका धावेची व्हायची, आणि चेंडू माझ्याकडे राहायचा.

ऑफस्पिनलाही त्याचं दुखणं आहे, हे मान्य करायला हवं. सपाट खेळपट्टीवर उजव्या हाताचा फलंदाज वळणाबरोबर खेळत निवांत एकेक धाव काढतो आणि तुमचा चांगला चेंडूही कोणाला जाणवत नाही. भारताचा ऑफस्पिनर अश्विन याने नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत 9 बळी घेतले होते. डिसेंबर 2013 मध्ये जोहान्सबर्गला त्याला एकही मिळाला नाही. पुढची कसोटी खेळायला त्याला ऑगस्ट 2014 उजाडला. मग 2015 मध्ये श्रीलंकेत तीन कसोटींत 21 बळी. पण जोहान्सबर्गच्या त्या कोरड्या सामन्यातही त्याने 42 षटकं टाकली, हे मला महत्त्वाचं वाटतं. बळी नव्हते, पण कर्णधाराला तो गोलंदाजीला हवा होता. शिवाय समोर डावखुरा आला की चित्र पालटतं, कारण ऑफस्पिन त्याच्यापासून बाहेर वळतो. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर नेथन लायन याने 2011 मध्ये गॉलला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर डावखुऱ्या संगकाराला स्लिपमध्ये झेलबाद केलं.

ऑफस्पिन म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही समजू नका. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा याने 2008 मध्ये नागपूरला पदार्पणात 12 बळी घेतले, पण 358 धावा मोजून. एकूण दोनच कसोटी खेळला. चेंडू भरपूर वळवणारा आणि भरपूर धावा देणारा ऑफस्पिनर कर्णधाराला लेगस्पिनरइतकाच महाग पडतो. आणि स्वप्नवत सुरुवातीने काही ठरत नाही, हे भारताचा लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणी याच्याकडे पाहून कळतं: 1988 मध्ये चेन्नईत पदार्पणातच 136 धावांत 16 बळी, आणि सगळी कारकीर्द 17 कसोटींची.

लेगस्पिनच हवं असेल तर माझ्या मते कुंबळेचा रस्ता धरावा. 1990 मध्ये मँचेस्टरला पदार्पण केल्यावर तो दोन वर्षांहून अधिक काळ कसोटीबाहेर होता. परतल्यावर 1992 मध्ये जोहान्सबर्गला 53 धावांत 6 बळी. त्याने मोठ्या वळणाचा मोह धरला नाही. वेग, उसळी आणि टप्पा यांवर भिस्त ठेवली, त्यामुळे सैल चेंडू कमी झाले आणि दिवसभर एका टोकाने टाकण्याचं काम त्याला मिळत गेलं. अर्थात त्याच्यासारखी उंची आणि चिकाटी लागते.

टी-20 च्या दृष्टीने विचार करत असाल तर पारडं थोडं लेगस्पिनकडे झुकेल. चारच षटकं असतात आणि बळी घेणारा चेंडू सोन्याच्या मोलाचा. तरीही भारताचा लेगस्पिनर चहल याने 2017 मध्ये टी-20 सामन्यात बेंगळुरूला इंग्लंडविरुद्ध 25 धावांत 6 बळी घेतले आणि कसोटी त्याला कधी मिळाली नाही, हेही लक्षात असू द्या.

ठरत नसेल तर एक करून पाहा. नेटमध्ये गेल्या गेल्या टाकायला लागू नका. अर्धा तास क्षेत्ररक्षण करा, मग हात न फिरवता थेट सहा लेगब्रेक (लेगस्पिनचे नेहमीचे चेंडू) टाका. दुसऱ्या दिवशी तसेच सहा ऑफब्रेक (ऑफस्पिनचे). असं काही आठवडे करा आणि कशाचे किती टप्प्यावर पडले ते लिहून ठेवा. लेगब्रेक सहापैकी पाच वेळा जागेवर पडत असतील तर बेलाशक लेगस्पिन धरा. तीन-चारच पडत असतील तर मी ऑफस्पिन घेईन.